वाढ्यांचा रविवार

धाराशिवहून लातूरला निघालेली एस.टी. ढोकीच्या अलीकडं थांबली ती थांबलीच. पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा झालेला, मागच्या ट्रॉलीचं चाक कडेच्या मातीत रुतलेलं, आणि ट्रॅक्टरवाला त्या चाकाकडं असा बघत उभा होता की आता चाकानंच काहीतरी बोलावं. कंडक्टर खाली उतरला, कमरेवर हात ठेवून त्यानं पाहणी केली आणि वर येऊन जाहीर केलं, "ज्येला च्या प्यायचाय त्येनं पिऊन या. हे लवकर हालत न्हाय." निम्मी गाडी उतरली. मी खिडकीशी बसून राहिले, आणि तेवढ्यात तो वास आला.

उसाच्या वाढ्याचा वास. वाढं म्हणजे उसाचा शेंडा, तोडणीच्या वेळी छाटून टाकलेला, लांब हिरव्या पात्यांचा. गुराढोरांची वैरण. ओला, गोडसर, किंचित आंबूस असा तो वास. लोकांना मोगऱ्यानं, चंदनानं, फार तर आईच्या हातच्या पुरणानं बालपण आठवतं. मला वैरणीनं आठवतं, आणि तेही चर्चमधलं. हसायचं तर हसा. मी स्वतः त्या खिडकीत बसून हसत होते आणि समोरच्या सीटवरचं लेकरू माझ्याकडं टकामका बघत होतं.

ढोकी म्हणजे तेव्हा आमच्यासाठी साखर कारखान्याचा भोंगा. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. हंगामात हवेत मळीचा वास आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर उसाच्या राखेची काजळी. आई दोरीवरचे कपडे झटकत कारखान्याला शिव्या घालायची आणि मग प्रभूची क्षमा मागायची, दोन्ही एकाच दमात. पेठेच्या तोंडापर्यंत उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. आता सगळे ट्रॅक्टर. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तो झोपाळू आवाज कधी बंद झाला ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा इथं नव्हते.

माझे दादा, म्हणजे वडील, पेठेत शिलाईचं दुकान चालवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. दुकानात कोळशाच्या इस्त्रीचा, मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या मांजरपाटाचा वास मिसळलेला असायचा. कापड कापताना दादांचा हात कधी थरथरला नाही. कात्री खाली ठेवली की मात्र ते सगळ्यालाच भ्यायचे. कुत्र्याला, विजेला, पोलिसाला, अचानक आलेल्या पाहुण्याला. इंजेक्शन घेताना ते डोळे गच्च मिटून मोठमोठ्यानं गीत म्हणायचे; दवाखान्यातली बाकीची माणसं दचकून बाहेर पळायची आणि कंपाउंडरला जरा मोकळी जागा मिळायची. पण सगळ्यांत जास्त त्यांना भीती वाटायची ती आपण ख्रिस्ती आहोत हे पेठेला कळेल याची.

पूर्वी कुणी त्यांना त्रास दिला होता का, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणायचे, "वारं सुटल्यावर दार लावाय गेलं तर लागतंय व्हय? आदीच लावून ठिवावं."

दुकानाचा गाळा तात्यांचा होता. तात्या म्हणजे पेठेतलं वजनदार माणूस. पांढऱ्या मिशा, कपाळाला भंडारा, दर वर्षी अणदूरच्या खंडोबाला जाणं चुकवायचं नाही. शेजारीच त्यांच्या धान्याच्या दुकानाचा ओटा, आणि त्या ओट्यावर ते दिवसभर मांडी घालून बसलेले. ज्या दिवशी तात्यांना कळेल त्या दिवशी आपलं शिलाई मशीन रस्त्यावर येणार, याबद्दल दादांच्या मनात शंका नव्हती. त्या एका मशीनवर आम्ही सगळे जेवत होतो. त्यामुळं त्यांच्या भीतीला आम्ही हसायचो ते जपूनच.

दर रविवारी चर्चला उपासनेला जाताना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पिशवीच्या तळाशी जायचं आणि वर मेथीची जुडी. पेठेतून जाताना दादा ती जुडी सगळ्यांना दिसेल अशी धरायचे. अख्ख्या जगात आमचंच घर असं असेल, जिथली मेथी बाजारात जाऊन परत यायची. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणायची पद्धत आहे. भररस्त्यात समोरून चर्चच्या मंडळीतलं कुणी "सलाम, मास्तर!" म्हणालं की दादांचा हात कपाळापर्यंत जायचा आणि तिथं जाऊन कपाळ खाजवायला लागायचा. नाताळच्या करंज्या अंधार पडल्यावर शेजारी वाटायच्या. शेजारच्या आक्कांनी विचारलं, "कशाच्या वं करंज्या?" तर दादा म्हणायचे, "लेकराचा वाढदिस हाय." घरी आल्यावर आईला समजावून सांगायचे की यात खोटं एक अक्षर नाही, लेकराचाच वाढदिवस आहे की. आक्का बिचाऱ्या दर नाताळला माझ्या हातात परकराचं कापड ठेवायच्या आणि म्हणायच्या, "लई मोठी झाली बया!" मी जूनमधली.

आणि ते कॅलेंडर. चर्चकडून दर वर्षी एक कॅलेंडर मिळायचं, वर क्रूस आणि दर महिन्याला एक वचन. घरात ते लावायला दादा भीत, कारण घरात बायका येत. फेकून देणं तर पाप. मग त्यांनी ते दुकानात, कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात, पडद्यामागं लावलं. "तितं कोन बघतंय," असं ते म्हणाले. त्यांच्या हुशारीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

आईला कशाचीच भीती नव्हती, निदान तिचं तसं म्हणणं होतं. "तुमचा देव काय चोरीचा हाय का, दडवून न्यायला?" असं ती दर रविवारी मेथी निवडल्यासारखं करत विचारायची.  दादा पिशवी वरून दाबून बघायचे, कोपरा दिसत नाही ना म्हणून.

आमचं चर्च गावाच्या कडेला, पत्र्याचं, भोवती दगडी कंपाउंड. मंडळी मूठभर. ईस्टरच्या आधीचा रविवार हा झावळ्यांचा रविवार. प्रभू येशू गाढवावर बसून शहरात आला तेव्हा लोकांनी हातात झावळ्या घेऊन, होसान्ना असा जयघोष करत त्याचं स्वागत केलं, आणि त्याच आठवड्यात त्याला एकटं टाकून सगळे पळाले. त्या स्वागताची आठवण म्हणून जगभर ख्रिस्ती माणसं या दिवशी झावळ्या घेऊन फेरी काढतात. आमच्या भागात झावळी म्हणावी अशी एक ओढ्याकाठची शिंदी, आणि तिला काटे. एका वर्षी त्या शिंदीनं मार्थामावशीचा नवाकोरा पदर फाडला आणि मावशीनं भर होसान्नामध्ये शिंदीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मार्थामावशी मंडळीतली सगळ्यांत म्हातारी, तिला गप्प कोण बसवणार? तेव्हापासून मंडळीनं उसाची वाढी धरली. हंगामात ढोकीला वाढ्यांचा काय तोटा! लांब, हिरवी, वर झुपका. लांबून पाहिलं तर झावळीच. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या कोपऱ्यात वाढ्यांचा भारा येऊन पडायचा आणि रविवारी दार उघडलं की तो ओला गोड वास अंगावर यायचा. शेजारच्या शेळ्या तेवढा एक रविवार न चुकता उपासनेला यायच्या.

जुने पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, होते तोवर फेरी कंपाउंडच्या आतच निघायची. विहिरीला वळसा, चिंचेला वळसा, पुन्हा आत. दादा त्या फेरीत अगदी मोकळे असायचे. भिंत चांगली उंच होती.

मग नगरकडून नवे पाळकसाहेब आले. तरुण, उंच, आवाज असा खणखणीत की पत्रे वाजावेत. महिनाभर त्यांनी धैर्य या एकाच विषयावर उपदेश केला. आणि झावळ्यांच्या आदल्या रविवारी म्हणाले, "प्रभूची फेरी भिंतीच्या आत? कोंबड्या कोंडून ठेवतात तशी? यंदा आपण पेठेतून जाऊ. कुणाला नावं ठेवायची नाहीत, कुणाला डिवचायचं नाही. पण आपण कोण आहोत ते लपवायचंही नाही. पुढं कोण चालणार?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. दादांची तेवढी गेली नाही, कारण पेठ हा शब्द कानावर पडताच त्यांनी भीतीनं डोळे गच्च मिटले होते आणि ओठ हलायला लागले होते. पाळकसाहेबांनी ते पाहिलं. मग भारावून म्हणाले, "मास्तर तर प्रार्थनेत गेलेसुद्धा. मास्तर, तुम्ही पुढं." शेजारच्यांनी कोपरानं ढोसलं तसे दादा दचकून म्हणाले, "आमेन." झालं.

तो आठवडा मला अजून दिसतो. दादांना ताप यायचा आणि आईनं थर्मामीटर लावला की जायचा. कालव्याच्या कडेनं फेरी नेली तर हवा चांगली लागेल असं त्यांनी पाळकसाहेबांना सुचवून पाहिलं. दुकानात तर गोंधळच. तात्यांचा नवा लेंगा शिवून दिला आणि त्याला नाडी घालायची जागाच ठेवली नाही. तात्या तो लेंगा हातात धरून बराच वेळ उलटासुलटा बघत होते. "मास्तर, बरं हाय न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं. दादांना वाटलं, संपलं, कळलंय.

रविवारी सकाळी दादा अंगणात पायरीवर बसले होते. चेहरा राखेसारखा. आई माझ्या वेण्या घालत म्हणाली, "एवढं भ्या वाटत आसंल तर नगा जाऊ. मी सांगते, प्वाट बिगडलंय म्हणून."

"डोळं झाकून आमेन म्हणलोय," दादा म्हणाले. "आमेन म्हंजी काय गंमत हाय व्हय?" आणि ते उठले. पिशवी घेतली नाही. शास्त्र हातात घेतलं, मग काखेत, मग पुन्हा हातात. नव्यानंच आणलेल्या वस्तूसारखं त्यांना ते कुठं धरावं कळेना.

फेरी निघाली. पुढं दादा, खांद्यावर सगळ्यांत मोठं वाढं. त्यांच्यामागं पाळकसाहेब, मग ढोलकी, मग आम्ही बायका-पोरं, प्रत्येकाच्या हातात हिरवागार शेंडा. कंपाउंडच्या फाटकातून बाहेर पाऊल पडलं तसे दादांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. इंजेक्शनच्या वेळचा तोच आवाज. पेठेचा रस्ता त्यांच्या पायांना पाठ होता. डोळ्यांची गरज नव्हती.

पेठेच्या तोंडाशी बैलगाड्यांची रांग उभी होती. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाळकसाहेब नगरचे, त्यांना माहीत नसेल, पण आम्ही तर तिथलेच. रात्रभर ऊस ओढून आलेले, उन्हात ताटकळलेले, भुकेले बैल. आणि त्यांच्यासमोरून माणसांची ही ओळ चालली होती, हातात हिरवी वैरण हलवत, ढोलकी वाजवत. आधी एका बैलानं मान वर केली. मग घुंगरांची एक लाट रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कारखान्यातून रिकामी होऊन परत चाललेली एक गाडी वळत होती. तिच्या बैलांनी वळण अर्ध्यात सोडलं आणि ते सरळ आमच्यामागं लागले. गाडीवान उभा राहून कासरा ओढत ओरडत होता, "आरं हाऽऽ! आरं कुठं! आवं ते वाढं टाका की खाली!" जुवातून सोडून गाडीला बांधलेल्या बैलांतले दोघं-तिघं दावं हिसडून त्यांना सामील झाले.

मंडळी फुटली. महिनाभर धैर्यावरचे उपदेश ऐकलेली मंडळी चिमण्यांसारखी उडाली. वाढी रस्त्यावर पडली, कुणी बोळात, कुणी सायकलच्या दुकानात. आईनं माझं बखोट धरलं आणि आम्ही भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर. मार्थामावशी, जिला बसवून उठवायला दोन माणसं लागायची, ती हातगाड्यावर चढून बसली होती. आणि पाळकसाहेब? ते पानटपरीच्या फळीवर उभे होते, टपरीवाला खालून विनवत होता, "साहेब, तेवढा चुन्यात पाय नगा ठिवू."

रस्त्याच्या मधोमध एकटे दादा चालत होते. डोळे मिटलेले, आवाज टिपेला. मागचा बैल आता त्यांच्या खांद्यावरच्या वाढ्यापर्यंत पोचला होता. त्यानं शेंडा तोंडात धरून ओढला. दादांना वाटलं, पाळकसाहेब खुणावताहेत, वाढं नीट उंच धरा. त्यांनी ते उंच धरलं. बैलानं मान उंच केली. दादा आणखी जोरात गायला लागले. दोन्ही बाजूंच्या दुकानांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. पेठेत आवाज फक्त तीन, दादांचा, घुंगरांचा आणि बैलाच्या चघळण्याचा.

दादा थांबले ते बरोबर आपल्या दुकानासमोर. पायांना सवयच ती. गाणं संपलं, डोळे उघडले. समोर ओट्यावर तात्या. दादांनी मागं वळून बघितलं. बैलाचं तोंड, त्यामागं दुसरा बैल, रिकामी गाडी, रिकामा रस्ता. मंडळीतलं माणूस नावाला नाही. आम्ही रस्त्यापलीकडं, भांड्यांच्या दुकानाच्या ओट्याच्या खांबाआड होतो, आम्ही काही त्यांना दिसलो नसणार.

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "काय मास्तर," ते म्हणाले, "वैरण कुनाच्या बैलाची?"

मला वाटतं तात्यांनी सुटायला वाटच करून दिली होती. हातात वैरण, मागं बैल, गाडीवानही धापा टाकत येऊन उभा. नुसतं व्हय म्हणायचं होतं. माझ्या शेजारी आई, जिला कशाचीच भीती नव्हती ती आई, दातओठ आवळून पुटपुटत होती, "व्हय म्हणा. व्हय म्हणा अन् या हिकडं." माझा हात तिनं इतका आवळला होता की बांगडी रुतली. दादांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"न्हाय तात्या," ते म्हणाले. आवाज तेल नसलेल्या मशीनसारखा. "वैरण न्हाय ही. म्हंजी हाय, पर आज न्हाय. आज आमचा झावळ्यांचा रविवार हाय. आमचा प्रभू शहरात आला तवा लोकं असंच फांद्या घिऊन पुढं आल्ते. त्येच्यासाठी हाय." मग थांबून, जमिनीकडं बघत, "म्या ख्रिस्ती हाय, तात्या. गाळा खाली करायचा आसंल तर सांगा. मशीन आजच उचलतो."

 बैलानं तेवढ्यात उरलेलं वाढं हिसकून घेतलं आणि दादांच्या हातात नुसता दांडा राहिला.

"गाळा खाली?" तात्या म्हणाले. "अन् आमच्या लेंग्याची नाडी कोन घालनार?"

दादांनी वर बघितलं.

"ख्रिस्ती हायसा ते ठाव हाय की समद्यास्नी," तात्या म्हणाले. "त्या पडद्यामागं क्यालेंडर टांगलंय तुमी. कापडं घालून बगाय गेलेला एक तरी गडी ते वाचल्याबगर भाईर आलाय का? आमी तर लेंगा बदलताना दर म्हैन्याचं वाचतो. गेल्या म्हैन्याचं ब्येस व्हतं, ह्या म्हैन्याचं जरा लांबडं हाय."

"समद्यास्नी?" दादांनी विचारलं.

"समद्यास्नी. अन् त्या मेथीचं काय ते एकदा सांगा बरं. आमची मंडळी म्हणती, मास्तरीणबाईला भाजी येत न्हाय का काय, जुडी तशीच्या तशी माघारी येती."

सगळी पेठ हसली. ओट्यावर माझ्या शेजारी आई लालबुंद झाली. तात्यांच्या घरी ती मेथीच्या वड्या घेऊन गेली त्याच आठवड्यात, आणि पुराव्यादाखल चांगल्या परातभर. दादा मात्र हसले नाहीत. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचा चेहरा पडला होता. इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेली गोष्ट कुणाला नकोच होती म्हटल्यावर माणसानं करायचं काय?

सगळेच काही तात्या नव्हते. चौकातून एक जण काहीतरी बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि काही घरांनी त्यानंतर आपलं कापड दुसऱ्या शिंप्याकडं टाकलं. ती माणसं समोर दिसली की दादांचा चालण्याचा वेग वाढायचा. भीती होतीच. ती काही त्या दिवशी बैलानं खाल्ली नाही.

दादा दांडा हातात घेऊन तसेच पुढं चर्चकडं चालत गेले. मंडळी मागच्या बोळातून एकेक करत आधीच जमली होती, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्याला खाली चुन्याकाताचा पट्टा उमटला होता. दादा दारात आले तसे सगळे उठून उभे राहिले, आणि दादा मागं वळून बघायला लागले की कोण आलं. पाळकसाहेब पुढं आले. माणूस मनाचा चांगला, त्यांनी सरळ म्हटलं, "मास्तर, महिनाभर मी बोललो आणि टपरीवर चढलो. आज तुम्ही साक्ष द्या."

दादांनी जन्मात कधी साक्ष दिली नव्हती. उपासनेत उभं राहून बोलायचं म्हटलं की त्यांना खोकला व्हायचा. तेव्हाही आधी तो झाला. मग म्हणाले, "मला वाटलं, तुमी समदे मागं हायसा. म्हणून चाललो."

चर्चचे पत्रे हलतील एवढा हशा पिकला. मार्थामावशी डोळे पुसत म्हणाली, "आरं पर लेकरा, डोळं उगडल्यावर तर दिसलं न्हवं, मागं कुनी न्हाय म्हणून? मग म्हणायचं की व्हय, वैरण हाय. कुनी ऐकाय व्हतं का तितं?"

"म्हणनारच व्हतो," दादा म्हणाले. "तोंड त्येच्यासाठीच उगडलं."

"मग?"

दादांनी दांडा या हातातून त्या हातात घेतला. "मग वाटलं, समदेच पळाले. आता म्या बी न्हाय म्हणलो, तर त्येचं कोन हाय हितं पेठंत?"

 पाळकसाहेब खाली बसले. उपदेशाचा कागद त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला होता, तो त्यांनी आत सारला, आणि त्या दिवशी उपदेश झालाच नाही. बाहेर शेळ्या भिंतीवर पुढचे पाय ठेवून आत बघत होत्या. आई पदरानं तोंड झाकून रडत होती आणि मला म्हणत होती की डोळ्यात राख गेली, कारखान्याची.

दादांना जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ते कुत्र्याला भ्याले, विजेला भ्याले, आणि दर झावळ्यांच्या रविवारी फेरीच्या पुढं चालले, डोळे मिटूनच. कुणी उघडायला सांगितलं तर म्हणायचे, "उगडलं की भ्या वाटतंय." मीही त्यांचीच. पुण्यात ऑफिसात, सोसायटीत कुणी आडनावाची चौकशी सुरू केली की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. तोंड आधी दुसऱ्याच उत्तरासाठी उघडतं. मग दादांचा तो प्रश्न आठवतो, आणि बोलावं लागतं.

खाली आरडाओरडा झाला. चाक निघालं होतं. उतरलेली माणसं धावत चढली, कंडक्टरनं घंटी मारली. माझ्या शेजारी एक नवीनच म्हातारी येऊन बसली, मुरुडला निघालेली, मांडीवर भलंमोठं गाठोडं. गाडी हलते न हलते तोच तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आमच्या भागात जात विचारतात तसं सरळ विचारलं, "तुमी कोन म्हणायचं?"

"ख्रिस्ती," मी म्हणाले. आवाज जरा तेल नसलेल्या मशीनसारखाच निघाला.

म्हातारीनं माझ्याकडं नीट बघितलं. गळ्याकडं, हातांकडं, पुन्हा तोंडाकडं. मग तिनं नाकातून श्वास सोडला आणि म्हणाली, "आसं व्हय. सरका मग जरा तिकडं."

 सगळी गाडी ऐकतेय असं वाटलं.

"सरका की बाय," ती म्हणाली, "माजं गठुडं ठिवायचंय. मांडी आवगडली पार."

मी खिडकीला चिकटून सरकले. तिनं गाठोडं आमच्या दोघींच्या मधे ठेवलं, त्यावर माझाच हात धरून ठेवला, म्हणजे ते पडणार नाही, आणि ढोकी मागं पडायच्या आत माझ्या खांद्यावर मान टाकून घोरायला लागली.